वाजवी व्यापाराची घंटा

दिल्लीहून परतल्यावर शाळेत ज्याने त्याने विचारलं, "काय काय पाहिलंत, सर?" मी खरं ते सांगितलं. एक बाजार पाहिला, गाझियाबादमधली एक खोली पाहिली आणि एक हॉल पाहिला. लाल किल्ला मेट्रोच्या नकाशात पाहिला. "मग इतके दिवस केलंत काय?" याचं उत्तर मधल्या सुट्टीत मावणारं नव्हतं, आणि त्यात माझीच शोभा होती. लेखी कबुली देणं मला तोंडी देण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून लिहितो.

मी सांगलीत एका हायस्कुलात मराठी शिकवतो. वय त्रेपन्न. घासाघीस केल्याशिवाय मला वस्तू घेववत नाही, आणि घेतल्यावर पश्चात्ताप झाल्याशिवाय झोप लागत नाही. एकदा मुलगी तापाने फणफणली असताना थर्मामीटर आणायला गेलो आणि औषधाच्या दुकानात विचारलं, "बघा की, काही कमी होतंय का?" दुकानदार म्हणाला, "ताप का भाव?" हा प्रसंग मी बायकोला अजून सांगितलेला नाही. ती हे वाचेलच.

अशा माणसाला दिल्लीला बोलावलं होतं ते कशाला, तर न्याय्य व्यापारावर पाच मिनिटं बोलायला.

बोलावणारी माझी भाची, इरा. ताईची मुलगी, जन्म दिल्लीतला, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिथल्या मराठी मंडळाच्या तरुण पोरांनी एक उपक्रम काढला होता. कारागिराने ठरवलेल्या भावातच वस्तू विकायची, मध्ये दलाल नाही आणि भाव पाडणं नाही. मंडळाची अट अशी की स्टॉलचं नाव मराठीत हवं. इराने मला मेसेज पाठवला : "मामा, फेअर ट्रेडला मराठीत काय?" मी जेवायला बसलो होतो. एका हाताने उत्तर लिहिलं, "वाजवी व्यापार," आणि दुसऱ्या हाताने आमटी ओतून घेतली. पुढचं सगळं त्या आमटीमुळे झालं.

शुक्रवार, सरोजिनीनगर

रेल्वेप्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की शेजारच्या गृहस्थांनी मला वाटेत सात संत्री खायला घातली. मी त्यांना काहीच दिलं नाही. ते मनात आहे.

ताईने फोनवर पक्की सूचना दिली होती, "मेट्रोचा अगदी पहिला डबा पकड. आमच्या स्टेशनवर जिना बरोबर समोर येतो." ताई कित्येक वर्षं पहिल्या डब्यातून जाते, कारण ती बाई आहे आणि पहिला डबा बायकांचा असतो. हे सांगायचं तिच्या ध्यानात आलं नाही. परक्या गावात इतक्या बायकांकडे बघणं बरं नव्हे म्हणून मी मान खाली घालून उभा होतो, आणि मान खाली म्हणून वरची पाटी दिसली नाही. दोन स्टेशनांनंतर एक मुलगी म्हणाली, "अंकल, ये लेडीज कोच है." मग मी डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक बाईला वेगवेगळं "माफ कीजिए" म्हणत निघालो. अर्ध्या वाटेत एक आजी म्हणाल्या, "बेटा, माफी बाद में. पहले निकल."

ताईचं सरकारी घर सातव्या मजल्यावर आहे. खिडकीतून दिल्लीचं फेब्रुवारीचं ऊन येतं. ते आपल्याकडच्या उन्हासारखं अंगावर धावून येत नाही, शेजारी येऊन बसतं. चहा झाल्यावर ताई म्हणाली, "चल, मार्केट दाखवते." बाजार चालत जाण्याइतका जवळ. कपडे इतके की माणसं त्यातून डोकी काढून श्वास घेत होती. कोपऱ्यावर राम लड्डू घेतले. मी लाडू म्हणून चहाबरोबर खायला बांधून द्या म्हणालो. निघाली मुगाच्या डाळीची भजी, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी. उत्तम लागली. पण 'लाडू' या शब्दावरचा माझा विश्वास उडाला.

तिथेच मला ती पिशवी दिसली. निळ्या कापडाची, आमच्याकडे वाकळ शिवतात तशी तुकडे जोडून केलेली, वर चेन.

"अंकल जी, फिक्स रेट है," दुकानदार मी तोंड उघडायच्या आत म्हणाला.

आमच्या सांगलीत पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. त्या गावच्या माणसाला 'फिक्स रेट' म्हणजे नमस्कार-चमत्कार वाटतो. मी आकडा सांगितला. त्याने कपाळावर हात मारला. मी निघालो. सात पावलं गेलो आणि मागून हाक आली, "अच्छा, ले जाओ, ले जाओ!" निम्म्याच्याही खाली! दिल्लीत पहिल्याच दिवशी! ताई म्हणाली, "तू तर इथलाच झालास रे."

घरी आल्यावर इराला पिशवी दाखवली आणि भावही सांगितला. ती म्हणाली, "अच्छा."

दिल्लीतल्या मराठी घरात 'अच्छा' दिवसातून शंभरदा ऐकू येतं आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. या 'अच्छा'चा अर्थ माझ्या आईच्या गप्प बसण्याचा जो असायचा तो होता. त्याच क्षणी मला आठवलं की मी कशासाठी आलोय.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची जोया आली. जोया शेख ही इराची जिवलग मैत्रीण. तिचे वडील मूळचे सोलापूरचे आणि माझ्या दाजींच्याच मंत्रालयात नोकरीला. दोघींनी मिळून हॉलमध्ये एक लांबलचक बॅनर उलगडला. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वाजवी व्यापार'. त्याच्या खाली एक भलीमोठी पिवळी घंटा, तिची दोरी ओढणारे दोन हात आणि खाली ओळ : 'या! घ्या! वाजवा!'

मी बॅनरकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"घंटा छान काढली आहे," मी म्हणालो.

"मामा, इथे घंटा नका म्हणू," जोया घाईने म्हणाली. "घंटी म्हणा. कारण विचारू नका."

"थीम सगळी तुझीच आहे ना, मामा," इरा म्हणाली. "वाजवी! म्हणजे जो वाजवतो तो व्यापार. आम्हाला इतकं मस्त वाटलं! जो भाव न पाडता वस्तू घेईल, तो घंटी वाजवणार. सगळ्या हॉलला कळणार. खरी आणलीय, पितळेची." तिने दिवाणाखालून कलिंगडाएवढी घंटा ओढून काढली आणि एकदा वाजवून दाखवली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर काठी ठोकली.

मुलं पोटापुरतं मराठी बोलतात, पण 'वाजवी' म्हणजे रास्त, योग्य, हा अर्थ त्यांच्या घरात कुणी उच्चारलाच नसेल. मराठीच्या शिक्षकाने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण बॅनर छापून झाला होता, घंटा आली होती आणि इराचा चेहरा असा उजळला होता की मी म्हणालो, "वा."

जेवताना तिने बाकीचं सांगितलं. गाझियाबादच्या एका गल्लीत शबनम नावाची बाई आणि तिच्यासोबतच्या आणखी आठ जणी पिशव्या शिवतात. आजवर ठेकेदारासाठी, नगावर. तो देईल तो भाव. इरा आणि जोया तीन महिने तिच्या मागे लागल्या होत्या की आमच्या स्टॉलवर तुम्हीच भाव ठरवा आणि तुम्हीच विका. शबनमआपा शेवटी एका रविवारपुरती तयार झाली होती.

"सोमवारी सकाळी ठेकेदार वर्षभराचं काम घेऊन येणार आहे," इरा म्हणाली. "रविवारी लिहिलेल्या भावात माल गेला तर आपा त्याला नाही म्हणणार आणि दर महिन्याला आपल्यासोबत येणार. लोकांनी भाव पाडला तर ती त्याचा गठ्ठा घेणार. मग संपलं. ती म्हणाली, मी दुसऱ्यांदा नाही येणार."

मी हळूच ती निळी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

शनिवार, गाझियाबाद

दोन मेट्रो आणि एक ई-रिक्षा. (या वेळी शेवटच्या डब्यातून गेलो.) मफलर आणि पाण्याची बाटली ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून ती निळी पिशवीच खांद्याला होती.

शबनमआपाची खोली पहिल्या मजल्यावर. चार शिलाई मशीनं आणि कापडाचे ढीग. आपा माझ्याच वयाची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं तोलून मापून. आम्ही बसतो न बसतो तोच ताटं आली. मटार-बटाटा घातलेला पिवळा भात, त्याला तहरी म्हणतात, आणि सोबत दही. आपला मसालेभात जरा शांत झाला की तसा लागेल. मी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा घ्यावासा वाटला, पण व्यापार न्याय्य करायला आलेल्याने किती खावं याचा अंदाज येईना.

हात धुऊन आलो तर माझी पिशवी आपाच्या हातात होती. तिने ती उलटी केली, चेन मागेपुढे ओढली.

"अरे, ये तो नसरीन के हाथ की है," ती म्हणाली. "नसरीन खब्बू है. चेन हमेशा उलटी तरफ लगाती है."

कोपऱ्यातल्या मशीनवरची एक बाई मान वर करून हसली. तिच्या डाव्या हातात कात्री होती.

"कितने में ली, भाईसाहब?"

खोलीतली सगळी मशीनं थांबली. मी आयुष्यात वर्गात, घरात, देवळात खोटं बोललो असेन, पण इतक्या झपाट्याने कधी नाही. मी दिलेल्याच्या चौपट आकडा सांगितला.

आपाने चष्मा काढला. "इतने में? हाय अल्लाह. आपको तो किसी ने लूट लिया!"

नसरीन धावत पाणी घेऊन आली. पलीकडच्या खोलीतल्या बायकाही फसवल्या गेलेल्या परगावच्या माणसाला बघायला आल्या. एकीने मला आणखी दही वाढलं. इरा खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर भाव ठरवायचं काम निघालं. प्रत्येक पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर शिवणारीचं नाव, लागलेले दिवस आणि भाव. आपा सांगत होती आणि जोया लिहीत होती.

"कपडा, धागा, दो दिन की मेहनत, मशीन का तेल. ना इससे ऊपर, ना नीचे," आपा म्हणाली. "यही वाजिब है."

जोयाचं पेन थांबलं. "वाजिब," ती म्हणाली. "वाजिब... वाजवी." ती माझ्याकडे वळली. "मामा, वाजवी म्हणजे वाजिब?"

"हो," मी म्हणालो. "तोच शब्द आहे."

"अरे यार!"

"मामा," इरा थंडपणे म्हणाली, "तू काल बॅनर पाहिलास ना?"

"पाहिला."

"आणि 'वा' म्हणालास."

"म्हणालो."

"आम्ही घंटी आणली, मामा! पितळेची! दोन पॉकेटमनी गेले!"

आपाला काही कळेना. जोयाने तिला हिंदीत समजावलं की आम्ही तुमच्या वाजिबला वाजवायचं समजलो. आपा आधी नुसती हसली, मग तिला ठसका लागला, मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "घंटी रहने दो. वाजिब दाम मिले तो बजनी भी चाहिए."

अपराधी माणसाला नेहमी काहीतरी काम हवं असतं. मी म्हणालो, मीही एक शिवण घालतो. नसरीनने मला सरळ रेघेची सोपी शिवण दिली. मी जीव ओतून घातली. बराच वेळ लागला. उठलो तेव्हा पिशवीही माझ्याबरोबर उठली, कारण मी तिला माझा मफलर शिवला होता. तो उसवायला नसरीनला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिच्या दहा शिवणी झाल्या असत्या. मी माफी मागू लागलो. ती म्हणाली, "कोई बात नहीं, टाँका मजबूत है."

रविवार, क्वार्टर्समधला हॉल

मंडळाचा मेळावा सरकारी क्वार्टर्सच्या हॉलमध्ये होता. एका बाजूला मिसळ, एका बाजूला थालीपीठ आणि मध्ये आमचा स्टॉल. मागे बॅनर, वर टांगलेली घंटा. शबनमआपा नवा दुपट्टा घेऊन खुर्चीत ताठ बसली होती. सोबत नसरीन. माझं काम सोपं होतं. उभं राहायचं आणि कुणी भाव पाडायला लागलं तर समजावून सांगायचं.

पहिला तास कुणी भावही पाडला नाही आणि वस्तूही घेतली नाही. लोक येत, पिशवी हातात घेत, चिठ्ठी वाचत, "अच्छा, फिक्स आहे?" म्हणत आणि मिसळीकडे वळत. लहान मुलं घंटा फुकट वाजवून पळत. प्रत्येक वेळी आपा आशेने वर बघे आणि पुन्हा खाली बघे. नसरीन चिठ्ठ्या सरळ करत बसली.

मला ते बघवेना. मी स्टॉलमागे जाऊन दाजींच्या हातात पैसे कोंबले. "दाजी, सहा पिशव्या घ्या. वेगवेगळ्या माणसांकरवी घ्या. माझं नाव नको."

दाजी सरकारी माणूस. कारण न विचारता त्यांनी ते काम खाली सोपवलं. थोड्याच वेळात त्यांच्या ऑफिसातले सहा जण एकामागून एक आले, त्यांनी चिठ्ठी न वाचता पिशव्या घेतल्या आणि हजेरी लावावी तशी प्रत्येकाने एकेकदा घंटा वाजवली. आपाचा चेहरा फुलला. इराने मला मिठी मारली. मला दरदरून घाम फुटला.

त्या सहा जणांनी मागच्या बाजूने माझ्याकडे आणून दिलेल्या पिशव्या ठेवायच्या कुठे? मी त्या गाठोडं करून मिसळीच्या टेबलाखाली सारल्या. दहा मिनिटांत लाउडस्पीकरवर मंडळाच्या चिटणीसबाईंचा आवाज आला :

"मिसळीच्या टेबलाखाली सहा नव्या पिशव्या सापडल्या आहेत. त्यांच्यावर नसरीन, दोन दिवस, आणि शबनम, दोन दिवस, असं लिहिलेलं आहे. ज्या कुणाच्या असतील त्यांनी रस्सा लागायच्या आत घेऊन जाव्यात. आणि आता आपले पाहुणे न्याय्य व्यापारावर दोन शब्द बोलतील."

नावं हिंदीतही तीच असतात. आपाने इराकडे पाहिलं, इराने दाजींकडे, आणि दाजींनी सरकारी शिस्तीने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी माइकपाशी गेलो. तयार केलेलं भाषण खिशात होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. मी सांगितलं की मी निम्म्याहून कमी भावात पिशवी घेतली, चौपट सांगितली, दही खाल्लं, मफलर शिवला आणि आता सहा पिशव्या लपवल्या. थर्मामीटरचंही सांगितलं. लोकांना वाटलं, हे पथनाट्य आहे. टाळ्या पडल्या. एक जण ओरडला, "वन्स मोअर!"

परत आलो तेव्हा आपा उभी होती. गाठोडं तिच्यापुढे होतं.

"मैंने आपसे झूठ कहा था," मी म्हणालो. "आधे से भी कम में ली थी."

"वो तो पता था. उस बाजार में पूरा दाम कौन देता है," ती म्हणाली. "लेकिन ये क्या किया? ठेकेदार कम देता है, आप तरस खाकर खरीदते हो. सिलाई तो दोनों में से किसी ने नहीं देखी." तिने सहाही पिशव्या पुन्हा टेबलावर मांडल्या आणि त्यांचे पैसे माझ्या हातात परत ठेवले. "अब बेचिए."

इरा माझ्याशी बोलत नव्हती. दुपारचे दोन वाजले होते आणि खरं गिऱ्हाईक एकही झालं नव्हतं.

तेवढ्यात हॉलच्या दारात गायकवाड काकू दिसल्या. मूळच्या नगरच्या, केंद्र सरकारातून निवृत्त, रविवारची प्रार्थना आटोपून चर्चमधून थेट आल्या होत्या. ताई माझ्या कानात पुटपुटली, "मेलो आपण. या बाईने एकदा मदर डेअरीच्या बूथवर दुधाचा भाव पाडायचा प्रयत्न केला होता."

काकूंनी बॅनर वाचला. "वाजवी म्हणजे वाजवायचं? कुणी शिकवलं तुम्हाला मराठी?"

मी घंटेमागे सरकलो.

"ती लाल काढ ग." इराने काढली. काकूंनी पिशवी उलटी केली आणि आतली शिवण चष्मा सरकवून बघितली. सकाळपासून आतून बघणारं ते पहिलंच माणूस. "टाके बारीक आहेत. भाव जाडा आहे."

"काकू, भाव फिक्स आहे," इरा म्हणाली.

"मला नको सांगू. तुझ्या बारशाचं झबलंसुद्धा फिक्सवाल्याकडून कमी करून आणलंय." मग मोर्चा आपाकडे वळला. "दो ले लूँ तो?"

"तो दो का दाम लगेगा, बहनजी."

"धागा लटक रहा है."

आपाने दाताने धागा तोडला. "अब नहीं लटक रहा."

"चेन किसी और रंग की है."

"दूर से दिखे, इसलिए."

काकू जोयाकडे वळल्या. "अग, हिला सांग, माझ्या हातची भवानी आहे. भवानीला तरी सोडायचं थोडं."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे जोयाला कुठून माहीत असणार? ती आपाला म्हणाली, "आंटी कह रही हैं, आज देवी का दिन है."

"देवी को हमारा सलाम," आपा म्हणाली. "दाम वही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भोवती माणसं जमली होती, मिसळवाले पळ्या हातात घेऊन आले होते. घासाघीस अडली की मध्यस्थाने काय म्हणायचं हे सांगलीच्या माणसाला पाठच असतं, आणि माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय म्हणालं :

"बरं, तुमचंही नको, त्यांचंही नको. मधलं काढू या."

इराने माझा पाय तुडवला. जोयाने डोळे मिटले. आपाने गाठोड्याचं कापड जमिनीवर पसरलं आणि त्यावर पहिली पिशवी ठेवली. नसरीन दुसरी पिशवी उचलू लागली.

"ओ मास्तर!" काकू कडाडल्या. "तुम्हाला मध्ये कुणी बोलावलं? मी तिच्याशी बोलतेय ना? बाई किती वेळ आपल्या भावावर ठाम उभी आहे, अन् तुम्ही निम्म्यात विकायला निघालात तिला?"

"माझा तसा हेतू..."

"गप्प बसा." त्या आपाकडे वळल्या आणि आवाज एकदम खाली आला. "कितने दिन लगे इसको?"

"दो."

"अंदर की सिलाई दोहरी है. क्यों? कौन देखता है?"

"आपने देखी," आपा म्हणाली.

काकूंनी पिशवी पुन्हा सुलट केली. "मी ऑफिसातून येऊन रोज संध्याकाळी ब्लाउज शिवायचे," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "मुलांच्या फियांपायी. अन् शेजारणी म्हणायच्या, घरचंच तर आहे, थोडं कमी कर." त्यांनी पर्स उघडली, चिठ्ठीवरचा भाव मोजून दिला आणि पिशवी काखोटीला मारली.

"काकू, घंटी!" जोया म्हणाली.

"मी हरले ते वाजवून सांगू होय?" काकू म्हणाल्या, आणि मग हॉलकडे वळून त्यांनी लाउडस्पीकरला लाजवील अशा आवाजात घोषणा केली, "ए बायांनो! भाव करू नका ग. मी केलाय. नाही होत कमी!"

पुढे जे झालं ते माझ्या पाच काय, पन्नास मिनिटांच्या भाषणाने झालं नसतं. गायकवाड काकूंनाही जो भाव पाडता आला नाही, तो भाव खराच असला पाहिजे, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला तत्काळ पटलं. स्टॉलवर झुंबड उडाली. जी ती पिशवी उलटी करून आतली शिवण बघू लागली, कारण काकूंनी बघितली होती. नसरीनला उलट्या चेनबद्दल इतक्या जणींनी विचारलं की शेवटी ती स्वतःच पिशव्या विकू लागली : "ये मेरी है, ये भी मेरी है." घंटा इतकी वाजली की थालीपीठवाल्यांनी कानात कापूस घातला. इरा माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. तिचं पहिलं वाक्य होतं, "मामा, तू प्लीज कशालाच हात लावू नकोस."

मी भिंतीशी उभा राहून मिसळ खाल्ली. पूर्ण भावात. रस्सा आपल्याकडच्यापेक्षा गोडसर होता, पण मी काही बोललो नाही.

संध्याकाळी दोनच पिशव्या उरल्या. आपाने त्या नसरीनच्या खांद्याला अडकवल्या, बांधायला आणलेल्या कापडाची रिकामी घडी केली आणि इराला जवळ बोलावलं. मी चार हात अंतरावर खुर्च्या उचलत होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"कल ठेकेदार को मना कर दूँगी," आपा म्हणाली. "अगले महीने हम नौ की नौ आएँगी. उन बहनजी को जरूर बुलाना." मग तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, बऱ्यापैकी मायेने. "बस, मामाजी को मत बुलाना."

इरा खुर्च्यांपर्यंत आली. तिचे डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आपा म्हणतायत, मामा खूप दमले असतील," इरा म्हणाली. "पुढच्या वेळी त्यांनी घरीच आराम करावा."

मला हिंदी चांगलं समजतं. मी म्हणालो, "अच्छा."